कळव्याच्या बांधावर बजावलेले समन्स

कळव्याच्या खाडीलगतचे एक मिठागर गेल्या चैत्रात धर्मा या आगऱ्याच्या हातून गेले. दावा शेजारच्या तालुक्याच्या कोर्टात लागला होता; धर्मा हजर नव्हता, म्हणून हुकूमनामा एकतर्फी झाला. मी ठाण्याचा बातमीदार. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तसल्या हकिकती मी कधी छापायला दिल्या नाहीत. ही माझ्यासमोर घडलेली.

पौषात त्या कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन कळव्याला निघाला, तेव्हा मीही त्याच होडीत होतो... मिठाच्या हंगामाची बातमी हवी होती. आगरात पायताण घालून कोणी उतरत नाही, आणि बेलिफाला ते काढायचे नव्हते. त्याने बांधावरूनच धर्माच्या नावाने हाक मारली. मीठ ओढणारा एक म्हातारा काम टाकून आला. डोक्याला लाल फडके, डावा कान फाटलेला.

"पोऱ्या बाजारान गेलाय. दे मना, मी बाप त्याचा."

बेलिफाने समन्स त्याच्या हातात दिले. भर दुपार होती. मी हातभर अंतरावर होतो.

धर्माला निकाल कळला तो दवंडीने. वकील न लावता, निकाल रद्द करावा असा अर्ज घेऊन तो स्वतःच मुन्सफांपुढे उभा राहिला.

"रावसाहेब, आगर ठाण्याच्या हद्दीन. या कोर्टाला अधिकारच नाय. आन् समन्स मना मिलालाच नाय."

"हद्दीची हरकत पहिल्या तारखेला घ्यायची असते," मुन्सफ म्हणाले. "समन्स पोचले की नाही, तेवढे पाहू."

साक्षीला मला बोलावले. पाहिले ते सांगितले. फाटक्या कानापाशी धर्माने मला थांबवले.

"तो माझा बाबा. दोन पावसाले झाले त्याला जाऊन."

"म्हणजे घरातलेच माणूस," वादीचे वकील म्हणाले. "वडिलांनी निरोप दिला नाही, त्याला कोर्ट काय करणार?" लोक हसले.

धर्माने गावच्या पाटलाला उभे केले. सरणाची लाकडे त्यानेच दिली होती. मुन्सफांनी मृत्यू मान्य केला. मेलेला माणूस समन्स घेत नाही. तेव्हा घेणारा घरातला दुसरा पुरुष असला पाहिजे आणि धर्मा ते लपवतो आहे, असे ठरवून त्यांनी अर्ज फेटाळला.

धर्माच्या घरात दुसरा पुरुष नाही. मी कळव्यात घरोघर विचारून खात्री केली. बेलिफ आजही म्हाताऱ्याचे तेच वर्णन सांगतो. याचा खुलासा मजजवळ नाही.

कोर्टाबाहेर धर्मा पायरीवर बसला होता.

"घेतलास तं घेतलास, मना सांगाचास तरी," तो म्हणाला — माझ्याशी नव्हे.

चैत्रात तयार मिठाच्या राशींसह आगराचा ताबा वादीला मिळाला. धर्मा हल्ली तिथेच रोजावर मीठ ओढतो.