रिसालीतला समुद्र

भिलाईपासून समुद्र लांब आहे ही गोष्ट साऱ्या जगात फक्त एका माणसाला मान्य नाही, आणि तो माणूस माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या या भाऊजींची सगळी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटात भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान बघण्यात गेली. त्यामुळे पाणी दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशातल्या थर्मामीटरकडे जातो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात बोट बुडवून "दोन डिग्री जास्त आहे" असं यजमानांना सांगणारा दुसरा पाहुणा मी पाहिलेला नाही. घरातला बल्ब बदलायचा तर ते डोक्यावर हेल्मेट चढवतात, स्टुलाभोवती दोरी बांधतात आणि ताईला दोरीपलीकडे उभं करतात. मी एकदा हसलो तर म्हणाले, "तू कावून हसून राहिला बाबू? सेफ्टीत साळा-भाऊजी काही नसते."

निवृत्त झाल्यावर प्लांटचं सेक्टरातलं क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघं भिलाईतच रिसालीत स्वतःच्या घरात आली. भाऊजी खूश होते, ताई मात्र मिटली. क्वार्टरात एका बाजूनं इडल्या यायच्या, दुसऱ्या बाजूनं छत्तीसगढी ठेठरी-खुरमी, आणि मागच्या अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली साऱ्या गल्लीच्या गप्पा. नव्या घरात तिनं सामान जसंच्या तसं क्वार्टरच्या नकाशाप्रमाणे लावलं. तिथे दिवाण दाराच्या डाव्या हाताला होता, म्हणून इथेही तो डाव्या हातालाच. इथलं दार त्याच बाजूला उघडतं, ते दिवाणाला अडायचं आणि पाहुण्याला पोट आत ओढून शिरावं लागायचं. शेजारच्या बाया दोनदा येऊन, दारातच अडखळून परत गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला ती अजून जांबाकडची खिडकी म्हणायची. खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत होती. साऱ्या जगाला सेफ्टी शिकवणारे भाऊजी रोज त्या दिवाणावर गुडघा आपटायचे, पण तो हलवा असं काही म्हणाले नाहीत.

ताई आयुष्यात एकदाच पोट धरून हसलेली त्यांना आठवते, ती पुरीच्या समुद्रात घोटाभर पाण्यात उभी असताना. आता तिच्या गुडघ्यांना प्रवास सोसत नाही. मग एका रविवारी मी माझ्या मोहन नगरच्या घरून स्कूटरवर त्यांच्याकडे गेलो, तर बैठकीत तीन फुटांची काचेची टाकी. "तिले समुद्राकडे नेता येत नाही न," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "म्हणून समुद्र आणून राहिलो. निदान काहीतरी पाहत तर बसंन."

समुद्र आणणं सोपं नव्हतं. खास मिठाची थैली आली तेव्हा ताई म्हणाली, "अजी, डब्यात मीठ हाय न आपल्या!" त्यावर भाऊजींनी तिला अर्धा तास मीठ आणि मीठ यातला फरक समजावला. पुढे कित्येक आठवडे टाकीत नुसते दगड आणि खारं पाणी होतं. मासे सोडण्याआधी पाणी पिकलं पाहिजे म्हणे. भाऊजी त्या रिकाम्या टाकीसमोर ड्यूटीवर असल्यासारखे बसायचे. मे महिन्यात कूलरचं तोंड टाकीकडे वळलं. आम्ही घामाघूम आणि पाणी गारेगार. ताईच्या मालिकेच्या ऐन वेळी वीज गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही नाही, पंपच चालायचा.

खरी गंमत मासे निवडताना झाली. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं की निळा डॅमसेल मासा दिसतो बोटभर, पण भांडकुदळ आहे, त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडा. भाऊजींनी मात्र पाण्याची परीक्षा घ्यायला काटक म्हणून त्यालाच आधी सोडला, आणि क्वार्टर वाटपाचा नियम लावला. "जो आधी रुजू झाला तो सिनियर. मोठा दगड त्याचा. बाकीचे मागून येतीन, उरलेलं घेतीन." नंतर नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोकर माशांची जोडी आली. ती आल्यापासून ताई खुर्ची ओढून टाकीपाशी बसायला लागली, चक्क त्यांच्याशी बोलायला लागली. पण सिनियर त्यांना कुठेच टेकू देईना. मोठ्या दगडाच्या आसपास दिसले की धावून जायचा. बिचारी जोडी पंपामागच्या कोपऱ्यात दडून राहिली. एकाचा पर फाटला, दोघांनी खाणं सोडलं.

भाऊजींचंही जेवण सुटलं. ताईनं खुर्ची टाकीपासून परत दूर नेली आणि म्हणाली, "मेले तर मले सांगू नका. मी तिकडं पाहणारच नाही आता." भाऊजींचा चेहरा मला बघवेना. सारा खटाटोप तिनं बघावं म्हणूनच तर होता. सिनियरला काढून दुकानात परत द्या, असं मी सुचवलं.

"त्याचं काही चुकून नाही राहिलं," दूर बसलेली ताई एकदम बोलली. "त्याले ते घर आपलंच वाटते. दुसरा दिसला की परका वाटते. सारे दगड हलवा. कोनाचंच जुनं घर ठेवू नका."

भाऊजी ताडकन उठले. मग हेल्मेट न घालता कामाला लागले, यावरून काय ते समजा. सिनियरला पाण्यातल्याच जाळीच्या डब्यात बसवलं आणि सगळे दगड नव्यानं रचले. काही दिवसांनी त्याला सोडलं, तर तो पाहुण्यासारखा इकडेतिकडे फिरला, मोठा दगड शोधून दमला आणि एका लहानशा कपारीत मुकाट्यानं शिरला. तोवर जोडी समोर येऊन खायला लागली होती. ताई खुर्चीसकट परत टाकीपाशी आली. तिनं बराच वेळ माशांकडे पाहिलं, आणि मग तितकाच वेळ दिवाणाकडे.

पुढच्या रविवारी गेलो तर सवयीनं पोट आत ओढून दार ढकललं आणि धाडकन थेट बैठकीत जाऊन पडता पडता वाचलो. दिवाण समोरच्या भिंतीला गेला होता. मागून शेजारच्या दोन बाया मासे पाहायला आल्या आणि उंबऱ्यापाशीच थबकल्या. ताई उठली. "या न आत," ती म्हणाली, "दार पुरं उघडते आता."

चहा टाकायला ती आत गेली तेव्हा जांबाकडच्या खिडकीशी क्षणभर थांबलेली मला दिसली. भाऊजींनाही दिसली. टाकीत थर्मामीटर बुडवून, पाण्याचं तापमान बरोबर असतानाही, ते खूप वेळ तसेच वाकून उभे राहिले.