फक्कीची रेघ

“बसून कुणाचं भलं झालंय?” हे मेष्ट्रूंचं पालुपद. मेष्ट्रू म्हणजे कन्नडमधले मास्तर. ते बेंगळुरात, बसवनगुडीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि खुर्ची दिली की तिची पाठ धरून उभे राहायचे. पायाला भिंगरी लागलेला असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या वाट्याला तो आला थेट डोळ्यांच्या दवाखान्यात, जिथं सगळं काम बसून आणि न हलता करायचं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथं डॉक्टरबाईंच्या हाताखाली होते. पेशंटकडून तक्ता वाचून घ्यायचा, बाहुली मोठी व्हायचे थेंब घालायचे आणि त्यांचा अंमल चढेपर्यंत डोळे मिटून बसवायचं. मेष्ट्रू मिटल्या डोळ्यांनी उठायचे आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायचे. एकदा मी आतून आले, तर अख्खा बाक हात वर करून बसलेला! मी ओरडले. “सरी अक्का, सरी,” म्हणजे बरं बरं, असं म्हणत ते भिंतीला टेकले, पण टाच हलतच होती. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत असं कन्नड मिसळलेलं. मी लग्न होऊन सांगलीहून आलेली. मला त्यांची भाषा फार गोड लागायची, हे त्यांना कधी सांगितलं नाही. आणखी बोलत सुटले असते.

पहिल्यांदा ते आले होते फक्त चष्मा बदलायला. “मैदानावरच्या रेघा वाकड्या दिसतात. नंबर चुकलाय.” तक्ता त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत वाचला. पण मधुमेह जुना आहे म्हटल्यावर बाईंनी त्यांच्यापुढे बारीक चौकटींचा कागद धरला. डावा डोळा झाकला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात?

“मधेच पोक आलंय,” मेष्ट्रू म्हणाले.

मग थेंब, मग यंत्र. पडद्याची जाडी मोजून देणारी मशीनं तेव्हा आमच्याकडे नव्हती. बाई भिंगातून बघून सूज ओळखायच्या, आणि त्यासाठी पेशंटनं हनुवटी टेकवून गप्प बसायला हवं. मेष्ट्रूंचं डोकं मी मागून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तरी गुडघे नाचतच होते.

“उजव्या डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे, अगदी मध्यावर,” बाई म्हणाल्या. “साखरेनं बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात.”

“सूज? मग दुखत कसं नाही? पोराचा पाय सुजला की ते बोंब मारतं.”

“तेच तर वाईट आहे. दुखलं असतं तर तुम्ही आधीच आला असता.”

“अहो, मी रोज मैदान पळतो. साखर मला कुठं गाठणार?”

बाई हसल्या नाहीत. शिरेत रंगाचं औषध देऊन फोटो काढायचे, झिरपण्याच्या जागा शोधायच्या आणि तिथं लेसर मारायचा, असं त्यांनी समजावलं. गेलेली नजर परत येईल याची खात्री नाही, पण उरलेली टिकवता येईल. उशीर केलात तर मधलं दिसणं जाईल.

“शाळेच्या स्पर्धा झाल्या की येतो. स्वल्प दिवस,” मेष्ट्रू म्हणाले. “मी नसलो तर फक्की कोण मारणार?” आणि निघाले.

आमचं घर त्या मैदानाला लागून. खिडकीतून रोज बघायची. मेष्ट्रू सुतळी ताणून बांधायचे, तिच्या कडेनं चुन्याची फक्की सोडत जायचे. रेघ सुरेख पडायची. मग टोकाला उभे राहून सवयीनं डावा डोळा मिटायचे, च्‌ च्‌ करायचे, बुटानं रेघ मधे पुसायचे आणि अंदाजानं पुन्हा मारायचे. सरळ रेघ ते सरळ करत होते! “मेष्ट्रू, सुतळी खरी आहे, डोळा खोटा आहे! दवाखान्यात या!” मी कुंपणावरून ओरडायची. “सुतळी ढिली पडते हो अक्का,” ते तिकडून ओरडायचे. संताप यायचा. एवढा संताप आपल्या माणसावरच येतो.

स्पर्धेच्या दिवशी मुलींची शंभर मीटरची शर्यत सुटली. पोरी शिकवल्याप्रमाणे आपापली रेघ धरून पळाल्या आणि मध्यावर दोघी एकमेकींवर आदळल्या. एकीचा गुडघा फुटला. मेष्ट्रूंनी तिला उचललं आणि दटावलं, “रेघ का सोडलीस?”

“नाही सोडली, सर,” ती रडत म्हणाली. “रेघच तिच्याकडे गेली.”

मेष्ट्रू टोकाला गेले. डावा डोळा मिटून बघितलं. मग, बहुधा पहिल्यांदाच, उजवा मिटून चांगल्या डोळ्यानं बघितलं. शिट्टी तोंडातून गळून छातीवर लोंबकळली. पुढची शर्यत सोडायची होती, पण त्यांना हाका ऐकूच येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुलूप काढायच्या आधी ते पायरीवर हजर. औषध शिरेत गेलं तसे अंगभर पिवळे झाले. “म्हातारपणी हळद लागली बघा,” म्हणाले, पण हसायला कुणालाच जमलं नाही. लेसरच्या वेळी ते इतके निश्चल बसले की डोकं धरायची वेळच आली नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

उजव्या डोळ्याची मधली नजर गेलीच. डावा बाईंनी काही वर्षं सांभाळला, मग तोही हळूहळू त्याच वाटेनं गेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. मैदानावर नवे मास्तर आले. मेष्ट्रू कुंपणाच्या कडेनं नुसते चालायचे.

बनशंकरीला मुलीकडे कायमचं राहायला जाण्याआधी ते दवाखान्यात आले. “तपासायला नाही, तुम्हाला बघायला आलो,” म्हणाले. माझ्यासमोर उभे राहिले. मला बघण्यासाठी त्यांना माझ्याकडे बघून चालत नव्हतं. त्यांनी नजर माझ्या कानापलीकडे भिंतीवर लावली, मान जराशी तिरकी केली आणि चेहरा शोधत राहिले.

“हां, आता दिसलात,” ते म्हणाले. “बारीक झालात, अक्का.”

मी बारीक झाले नव्हते. “हो मेष्ट्रू,” म्हणाले, आणि त्यांचं बघून होईपर्यंत तशीच उभी राहिले.