मी धुतलेली परीक्षानळी

चूक माझी होती. भरल्या वर्गात मी एका मुलीच्या हातातली परीक्षानळी काढून घेतली, खिडकीबाहेर रिकामी केली आणि साबणानं तीनदा धुतली. तिच्या डोळ्यांदेखत.

ती आठवीतली. आईबाप ऊस तोडायला गेले की इथं, पालमजवळच्या गावात, मावशीकडं राहते. प्रयोग तिच्याच प्रश्नातून निघाला होता. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "सर, भाकर लय येळ चावली की गोड लागायली. कामून?" इतक्या वर्षांच्या नोकरीत असं मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, सांगत नाही. करूनच बघू.

पोषण आहाराच्या भाताची पेज दोन नळ्यांत घेतली. एकीत लाळ घालायची, दुसरीत नाही. दोन्हींना मुठीत धरून ऊब द्यायची, मग आयोडीनचा थेंब. पिष्ट असेल तिथं निळं-काळं होतं. लाळेनं त्याची साखर केली असेल तिथं होत नाही. ऊब द्यायला नळ्या हातोहात फिरवायच्या होत्या.

लाळ तिनं दिली. थोडा वेळ नळी मुठीत धरली आणि शेजारच्या मुलापुढं केली. तो शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. त्यानं हात मागं घेतले.

"सर, हिची थुंकी आमी न्हाई धरत. घरी चालत न्हाई."

मागं कुणीतरी हसलं.

मी बोलायला पाहिजे होतं. पण ती माझ्याच समाजाची, आणि माझी जात गावाला ठाऊक. आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणतील, या भीतीनं मी नळी धुतली. मग त्याच मुलाला लाळ द्यायला सांगितलं. ती नळी सगळ्या वर्गात फिरली. प्रयोग जमला. टाळ्या पडल्या. तिनं वहीत आकृती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. माझ्या खुर्चीत बसले. मी उभा.

"सर, तुमी समजदार हाव. आपली पायरी वळखून ऱ्हाता. त्या पोरीला बी जरा शिकवा."

ते माझं कौतुक करत होते. आणि मी "जी" म्हणालो.

त्या "जी"नं मला झोपू दिलं नाही. मी शिकलो त्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. कांद्याचा पापुद्रा बघायला माझा नंबर सगळ्यात शेवटी. मी डोळा लावून उठलो की गुरुजींनी रुमालानं भिंग पुसलं. माझ्या आधी चाळीस पोरांनी डोळा लावला होता, तेव्हा रुमाल खिशात होता. त्या दिवशी पेशी कशी दिसली, मला आजही सांगता येत नाही. रुमाल दिसतो. निळ्या चौकड्यांचा.

आणि मी साबण वापरला. तीनदा.

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली. विचारलं की मान खाली. तिचं प्रश्न विचारणारं तोंड मी बंद केलं होतं. हे डोळ्यांनी बघत मी आठ दिवस काढले. लाज वाटते लिहिताना.

मग अध्यक्षांच्या घरी गेलो. ओसरीवर उभ्यानंच सांगितलं की प्रयोग पुन्हा होणार आहे आणि लाळ त्याच मुलीची असणार आहे. ते थोडं हसले. बदलीचं बोलले. मी म्हणालो, "करा. तोवर तास माझा आहे."

दुसऱ्या दिवशी पेज घेतली, नळ्या मांडल्या. ज्याला धरायची नाही त्यानं प्रयोगवहीत तसं स्वतःच्या हातानं लिहावं, कारणासकट, असं सांगितलं. मग शेवटच्या बाकापाशी गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"बाई, त्या दिवशी तुझी नळी मी धुतली. तिच्यात घाण नव्हती. मी भ्यालो होतो. माझं चुकलं, मला माफ कर. माफ करावंसं नाही वाटलं तर करू नकोस. पण या वर्गात मी पुन्हा कुणाची नळी अशी धुणार नाही."