झाकणाखालचे पॉइंट

चादर पिळायला दोन माणसं लागतात. पिळून अर्धी झाली असताना त्यातलं एक माणूस फोन घ्यायला निघून गेलं, की दुसऱ्याच्या हातात नुसतं ओलं वेटोळं लोंबत राहतं. वस्तादांच्या बायकोच्या हातात ते तसं लोंबत होतं. वस्तादांनी आपलं टोक तिच्याच खांद्यावर टाकलं होतं, आणि खिडकीशी उभं राहून "हो डॉक्टर, हो" म्हणता म्हणता त्यांचा चेहरा चादरीच्या रंगाचा होत चालला होता. चादर पांढरी होती.

"गाडी मेली, वस्ताद," पलीकडून दातांचे डॉक्टर सांगत होते. "स्टार्टर फिरतोय, पण ठिणगी नाही. म्हणून मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आत आरसा घालून पाहिलं."

"कसला आरसा?"

"माझा. दातांचा. पण आत पॉइंटच दिसत नाहीत हो. त्यांच्या जागी काळं काहीतरी आहे. किडलेत का ते?"

"हात लावू नका," वस्ताद म्हणाले. "मी येतो."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला गाडीला हात लावू नका असं स्वतःच्या भल्यासाठी सांगितलं होतं. एरवी ते गाडीच्या भल्यासाठी सांगत.

वस्तादांची ख्याती होती ती कानाची. जुन्या गाड्यांच्या इंजिनात वाटीएवढा एक डिस्ट्रिब्युटर असतो, त्यात दोन बारीक टिकल्या उघडमीट करत असतात, आणि त्या उघडल्या की ठिणगी पडते. या टिकल्या म्हणजे पॉइंट. त्यांच्यामधली फट नखाच्या कडेएवढी. ती जरा कमीजास्त झाली की गाडी खोकते, रुसते, चढावर मान टाकते. बाकीचे मेकॅनिक ती फट पोलादी पट्टी घालून मोजत. वस्तादही पट्टी घालत, पण लोकांचं समाधान व्हावं म्हणून. मग डोळे मिटत, कान पुढे करत आणि इंजिनाचं म्हणणं ऐकून घेत. परमेश्वराने कुणाला गळा दिला, कुणाला वाचा दिली, वस्तादांना कान दिला. त्यांनी तो चाळीस वर्षं पॉइंटच्या सेवेत लावला, आणि त्या सेवेचा त्यांना जो अभिमान होता तो सेवेत बसणारा नव्हता.

पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक डबा बाजारात आला तेव्हापासून ते त्याच्याशी भांडत होते. डबा काडेपेटीएवढा, काळा, ना घासायची भानगड, ना फट लावायची. त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अशा डब्यांचं दुकान चालवत असे. दोघं एकत्र जेवायला बसले की पहिल्या घासालाच सुरू होई.

"दाजी, पॉइंट झिजतात. दर दोन महिन्यांनी त्यांच्यापुढे वाकायचं कशाला? डबा बसवा आणि विसरा."

"झिजतात, पण सांगून झिजतात. आधी कुरकुर, मग खोकला, मग ताप. तुझा डबा चांगला हसत-बोलत असतो आणि भर रस्त्यात एकदम डोळे मिटतो. मग काय करायचं, त्याच्या छातीवर बसायचं? पॉइंट मी रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन हातांत उठवून उभे करतो."

"रस्त्याच्या कडेला बसायची वेळच येत नाही, दाजी."

"येऊ नये म्हणून तर मी आहे."

इथे बायको दोघांना वाढायची आणि विषय संपायचा. संपायचा म्हणजे पुढच्या जेवणापर्यंत.

अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या गाडीचे पॉइंट बदलताना वस्तादांचा हात थरथरला. गाडी स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, लाल, जमिनीला पोट लावून धावणारी आणि वयाने डॉक्टरांपेक्षा चार वर्षांनी मोठी. पॉइंटचा स्क्रू मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासाच मोठा. तो तीनदा निसटला. प्रार्थनेला जोडलेले हात थरथरले तर लोकांना भक्ती वाटते. स्क्रू धरलेला हात थरथरला तर लोकांना वय दिसतं. वस्तादांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. डॉक्टर दवाखान्यात होते. वस्ताद तसेच उठले, मेव्हण्याच्या दुकानी मागच्या दाराने गेले, आणि इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो काळा डबा कागदात गुंडाळून घेऊन आले. त्याचे स्क्रू मोठे होते आणि ते बसवायला कानही लागत नव्हता.

मेव्हण्याने कुणाला न सांगण्याची शपथ घेतली आणि पाळली. मात्र त्या दिवसापासून जेवताना तो इलेक्ट्रॉनिकचा विषयच काढेना, आणि त्या गप्प बसण्यापेक्षा त्याची बडबड पुष्कळ बरी होती.

पुढे दर महिन्याला वस्ताद डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये जात. "धूळ येते" म्हणून दार लावून घेत. अर्धा तास आतून स्क्रूड्रायव्हरची ठोकाठोक ऐकू येई. मग ते हात पुसत बाहेर येत आणि चहा पीत म्हणत, "ऐका आता." डॉक्टर ऐकत आणि डोळे मिटून, मान डोलावत म्हणत, "याला म्हणतात पॉइंट. ही गोडी त्या डब्याला यायची नाही." सहा महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तर डॉक्टरांनी पाऊण तास पॉइंटचं माहात्म्य सांगितलं. ते ऐकून दोघा गाडीवाल्यांनी आपापले चांगले चालणारे डबे काढून पॉइंट बसवून घेतले, आणि तेव्हापासून त्या दोघांच्या गाड्या दोरीला बांधूनच घरी येत होत्या.

आता रविवारी पुन्हा मेळावा होता. या खेपेपासून तिथे तपासनीस बॉनेट उघडून, झाकण काढून बघणार होते आणि आत मूळची रचना असेल तरच गाडी पहिल्या रांगेत लावू देणार होते. त्यांना काळा डबा दिसला असता तर डॉक्टरांचं चारचौघांत हसं झालं असतं, आणि वस्तादांच्या शब्दावर पुन्हा कुणी गाडी सोडली नसती.

हे सगळं त्यांनी बायकोला बूट घालता घालता सांगितलं. नाड्या तिनेच बांधल्या. हात थरथरतो हे तिला ठाऊक होतं. शर्टाच्या बाह्यांची बटणं वर्षभर तीच लावत होती आणि त्याबद्दल दोघंही एक अक्षर बोलत नव्हती. डब्याचं मात्र तिला नवीन होतं.

"मग सांगून टाका की डॉक्टरांना."

"काय सांगू? अकरा महिने तुमच्याकडे येऊन मी नुसताच पत्रा वाजवत होतो?"

"खोटं बोलायचंच तर घरी बोला, मला सवय आहे. बाहेर तुम्हाला जमत नाही. कान लाल होतात."

वस्तादांनी जुने पॉइंट ठेवलेली पत्र्याची डबी खिशात टाकली. बेत साधा होता. डॉक्टरांना चहाला पाठवायचं, तेवढ्यात डबा काढून पॉइंट बसवायचे, आणि आरशात उलटं दिसतं असं काहीतरी सांगायचं.

गॅरेजमध्ये डॉक्टर दवाखान्यातलं भिंग कपाळाला बांधून उभे होते. मडगार्डवर पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर चिमटे, आकडे, आरसे ओळीने मांडले होते. गाडीचं बॉनेट आ वासून होतं. आता तिला चूळ भरायला सांगतील असंच वाटत होतं.

"काल काय केलंत गाडीला?" वस्तादांनी विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखा बसलो तासभर."

"चावी?"

"चालू. चावी फिरवल्याशिवाय काट्यांचे दिवे कसे लागतील?"

दवाखाना सुटल्यावर डॉक्टर बंद गॅरेजमध्ये बंद इंजिनाच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसत. त्याला ध्यान म्हणावं तर समोर देव हवा. इथे समोर भिंत होती. पॉइंटनी हे लाड वर्षानुवर्षं सोसले होते. डब्याचा मात्र तापून तापून जीव गेला होता.

"चहा मिळेल का?" वस्ताद म्हणाले.

डॉक्टर आत गेले. वस्तादांनी डबा सोडवला, खिशात घातला. पॉइंट जागेवर ठेवले. स्क्रू चिमटीत धरला, श्वास रोखला, देवाचं नाव घेतलं. स्क्रू पडला. पडला तो नेमका डिस्ट्रिब्युटरच्या आत, प्लेटच्या फटीतून खाली. त्यांनी चिमटा उचलला. चिमटा डिस्ट्रिब्युटरच्या काठावर टकटक वाजायला लागला, आणि तो थांबवायला त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं तेव्हा दारात डॉक्टर दोन कप घेऊन उभे होते.

"वस्ताद, हात केव्हापासून असा आहे?"

वस्तादांचे कान लाल झाले. आरशात सगळं उलटं दिसतं, हे वाक्य त्यांनी वाटेत तयार केलं होतं. ते काही बाहेर आलं नाही. त्यांनी खिशातून काळा डबा काढला आणि टॉवेलवर, चिमट्यांच्या शेजारी ठेवला.

"अकरा महिने," ते म्हणाले. "त्या दिवसापासून आत हाच आहे. मी नुसती ठोकाठोक करत होतो. कान शाबूत आहे, डॉक्टर. हात गेला."

डॉक्टरांनी कप हातातच ठेवून डब्यावर वाकून पाहिलं. वस्तादांना वाटलं, आता चहासुद्धा परत नेतील.

"म्हणजे मी मेळाव्यात," डॉक्टर सावकाश म्हणाले, "पाऊण तास... याची गोडी सांगत होतो?"

"हो."

"याची?"

"हो."

डॉक्टर स्टुलावर बसले. आपल्याला फसवलं याचा त्यांना म्हणावा तसा राग येत नव्हता. आपल्या कानाने आपल्याला फसवलं याचा येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"तुमचं माझ्याकडचं काम संपलं असं मी आता म्हणायला हवं," ते म्हणाले.

"म्हणा."

"पण मग लोक विचारतील का संपलं."

डॉक्टर उठले, भिंग डोळ्यांवर ओढलं, चिमटा आत घातला आणि एका झटक्यात स्क्रू बाहेर काढला. "रोज लोकांच्या जिभेखाली पडलेल्या दातांच्या टोप्या काढतो मी. सांगा, कुठे बसवायचा?"

मग दातांच्या डॉक्टरांनी पॉइंट बसवले आणि वस्ताद खिशात हात घालून सांगत राहिले. "पट्टी घाला. घट्ट नको, लोण्यातून सुरी काढल्यासारखी निघाली पाहिजे. आता आवळा. अहो, फट हलली. सोडा, पुन्हा." तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. वस्तादांनी डोळे मिटले. "केसभर जास्त आहे. कमी करा." डॉक्टरांनी इंजिन बंद करून केसभर कमी केलं, पुन्हा सुरू केलं. "हं," वस्ताद म्हणाले. इंजिन जसं बोलायला हवं तसं बोलत होतं.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही जरा खडबडीत नाही का चालत?"

"पॉइंट असेच चालतात, डॉक्टर."

"आणि गेलं वर्षभर ती लोण्यासारखी चालत होती."

"तो डबा होता."

डॉक्टरांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. शेजारी झाडांना पाणी घालत होते. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"रविवारी पॉइंटवर जाईन," ते हळू आवाजात म्हणाले. "तपासनिसांना बघू दे. सोमवारी पुन्हा डबा बसवू. पण ही गोष्ट या गॅरेजबाहेर जायची नाही."

"मग मी सोमवारनंतर यायचं नाही?"

"यायचं की. दर महिन्याला. दार लावून अर्धा तास ठोकाठोक करायची, मग चहा घ्यायचा. नाही आलात तर शेजारी विचारतील, वस्ताद का येत नाहीत." त्यांनी पुढे जोडलं, "आणि माझं ऐकून पॉइंट बसवलेल्या त्या दोघांच्या गाड्यांनाही तुमच्या कानाची गरज आहे. त्यांचे पॉइंट मी लावेन, तुम्ही ऐका. सांगताना म्हणा, डॉक्टर शिकतायत."

वस्तादांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. आयुष्यभर ज्या गोष्टीला ते पाप म्हणत आले, तिच्यात त्यांना आता भागीदार मिळाला होता, तोही शिकलेला.

"डबा मात्र नवा लागेल. हा जळला," ते म्हणाले. "आणि यापुढे चावी चालू ठेवून बसायचं नाही."

"मग दिवे?"

"टॉर्च घेऊन बसा."

डॉक्टरांनी ते निमूटपणे मान्य केलं. वस्ताद बाहेर पडले. मेव्हण्याच्या दुकानाचं मागचं दार दुपारी बंद असतं, त्यामुळे आता पुढच्या दाराने जाऊन, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहून, तसाच एक काळा डबा मागून आणायचा होता.