आईंचा धाकटा

समीरचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, आखनच्या बस स्टँडवर उभी होते. ऑफिस सुटायची वेळ, हातात भाजीची पिशवी, समोर माझी बस दार उघडून उभी. तो एवढंच म्हणाला, ‘‘मुक्ता, आई गेली.’’ ती बस गेली, तिच्या मागचीही गेली. तो नाशिकला आईंच्या उशाशी होता आणि मी इथे, कारण माझं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला दिलेलं होतं आणि त्याशिवाय देशाबाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. सासू गेल्यावर सुनेला रडायला कुणाचा तरी खांदा लागतो, निदान दारात चार चपला लागतात. मी पिशवी बाकावर ठेवली आणि तिथेच बसून रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता रुमाल पुढे केला. जर्मन लोक अशा वेळी फार चांगले वागतात, प्रश्न विचारत नाहीत.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, विचारतात, सासूबाई कशा होत्या? मला चटकन सांगता येत नाही. मनात येतो तो त्यांचा सायकल शर्यतींचा नाद, आणि नऊवारीतल्या एका बाईला हा नाद कसा लागला हे सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं.

आई म्हणजे भरल्या घरातली थोरली सून. सासरे गेल्यावर त्या दर वसंतात आमच्याकडे यायला लागल्या, पाहुण्यांच्या व्हिसावर जितके मिळतात तितके तीन महिने. पहिलं वर्ष काही बरं गेलं नाही. त्या माझे मसाल्याचे डबे त्यांच्या क्रमाने लावायच्या, मी ऑफिसातून आले की ते माझ्या क्रमाने लावायचे. आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान बोलणं झालं असतं. दुपारभर त्या खिडकीशी बसायच्या आणि संध्याकाळी सांगायच्या, ‘‘आज तीन माणसं दिसली, त्यातलं एक कुत्रं होतं.’’ एके दिवशी त्या समीरला म्हणाल्या, ‘‘माझं तिकीट अलीकडचं करून दे. इथे माझं काय काम आहे?’’ समीरने माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत राहिले. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं होतं.

त्याच रविवारी आम्ही गावात फिरायला निघालो आणि कळलं की बस बंद. आम्ही राहतो ते आखनच्या दक्षिणेला, जिथून रस्ता आयफेलच्या डोंगरांकडे चढत जातो. त्या रस्त्याने व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत जाणार होती. चढावरच्या वळणाशी निम्मं गाव लोटलं होतं. खुर्च्या, थर्मास, सॉसेज भाजायच्या शेगड्या, खांद्यावर पोरं. कुणी रस्त्यावर रंगाने आपल्या लाडक्या सायकलपटूचं नाव लिहीत होतं. आई थबकल्या. ‘‘एवढी माणसं होती कुठे इतके दिवस?’’ असं त्यांनी विचारलं आणि पदर खोचून सगळ्यांत पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

ज्यांनी अशी शर्यत काठावरून पाहिलेली नाही त्यांना सांगते, तासन् तास थांबायचं आणि डोळ्यांसमोरून ती अर्ध्या मिनिटात जाते. आधी गाड्या, मोटरसायकली, मग रंगीत कपड्यांचा तो लोंढा, चाकांचा सूं असा आवाज आणि संपलं. त्यानंतर मागे पडलेले एकेक येतात. त्यांच्यातल्या शेवटच्याने आमच्यासमोरच रिकामी पाण्याची बाटली बाजूला टाकली. ती गवतात आईंच्या पायाशी येऊन पडली. आईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि चक्क त्याच्या मागे धावल्या. ‘‘अहो, बाटली पडली तुमची... अरे बाळा, बाटली...’’ तो चढावर कधीच दिसेनासा झाला होता. मागून पंचांची गाडी आली तिलाही त्यांनी हात केला. लोक हसून टाळ्या वाजवायला लागले आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा हाइन्झ पुढे आला. गळ्यात गाईची घंटा बांधून शर्यतींना येणारा, आमच्याच गल्लीतला निवृत्त सुतार. तोवर आमची फक्त हालो म्हणण्याइतकी ओळख. ‘‘नाइन, नाइन,’’ तो मान हलवत मला म्हणाला, ‘‘ओमाला, आजीला सांग, ही बाटली आता तिची. लोक यासाठी भांडतात.’’ मी आईंना सांगितलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, हाइन्झकडे पाहिलं. ‘‘दुसऱ्याचं भांडं मी घरात ठेवून घेणार नाही. पुढच्या वर्षी तो येईल ना? तेव्हा देऊ.’’ हाइन्झला वाटलं त्या गंमत करतायत. मला ठाऊक होतं की तसं नाही.

तिकीट अलीकडचं झालं नाही. दर शनिवार-रविवार दुपारी हाइन्झ दार वाजवायचा आणि दोघं टीव्हीवर शर्यती बघत बसायचे. तो जर्मन बोलायचा, आई मराठी. मध्ये अडलंच तर मला हाक. पुढे पुढे तीही येईना. सायकलपटूंच्या संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात, मागे गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याला वारा लागू नये म्हणून पुढे राहतात आणि दमले की मागे पडतात, हे हाइन्झने हातवारे करून समजावलं. आमचा बाटलीवाला, ज्याचं नाव हाइन्झने पाठीवरच्या क्रमांकावरून शोधून काढलं होतं, तोही त्यांतलाच. आईंना ते लगेच पटलं. ‘‘म्हणजे पंगतीत पाणी वाढणारा,’’ त्या म्हणाल्या. मी ते हाइन्झला कसंबसं उलगडून सांगितलं. ‘‘गेनाऊ, अगदी तसंच,’’ तो म्हणाला. त्या मुलाचं परदेशी नाव आईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली. त्यांना समीर एकच. तेव्हा समीर थोरला झाला आणि हा धाकटा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी यायची तारीख शर्यत बघून ठरवली. सामानात ती बाटलीही होती. नाशिकला नेऊन, घासूनपुसून परत आणलेली. आल्या आल्या त्या खजूर आणि दाण्याचे लाडू वळायला बसल्या, गोटीएवढे. एवढेसे का, असं मी विचारलं. ‘‘बाटलीचं तोंड केवढं आहे बघ. आणि भांडं रिकामं का परत द्यायचं असतं?’’ त्या सकाळी मीही त्यांच्या शेजारी बसून लाडू वळले. माझे मोठे होत होते. त्या ते मोडून परत वळत होत्या आणि प्रथमच मला त्याचा राग आला नाही.

हाइन्झ आम्हाला शर्यत सुरू होते त्या गावी घेऊन गेला. तिथे प्रत्येक संघाची मोठी बस उभी असते आणि चाहते कठड्यापाशी ताटकळत असतात, सही मिळावी, फोटो मिळावा म्हणून. आमच्या हातात लाडवांची बाटली. संघाचा एक माणूस अदबीने म्हणाला की बाहेरचं काहीही खेळाडूंना खाता येत नाही, उत्तेजकांची तपासणी असते, नियमच आहे. मी आईंना ते सांगायला शब्द शोधत होते तोवर धाकटा पायऱ्या उतरून आला. जवळून पाहिला तर अगदीच पोरसवदा, गाल आत गेलेले, कोपरावर खरचटल्याच्या खुणा. हाइन्झने त्याला सगळी कथा सांगितली. त्याला ती बाटली टाकल्याचं आठवतही नव्हतं, कसं आठवणार? त्याने झाकण उघडलं, तळहातावर एक लाडू घेतला, संघाच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि तोंडात टाकला. तो माणूस मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. आई मला म्हणाल्या, ‘‘सगळे खा म्हणावं. एकाने काय होतंय?’’

परतीच्या वाटेवर त्या गाडीत मागे बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात सगळ्यांची पानं उठली की मी बसायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही, थोरली जेवली का...’’ त्यात तक्रार नव्हती, रडणंही नव्हतं. मी वळून पाहिलं तर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या दिवसापासून मी घरात पहिलं पान त्यांचं वाढायला लागले. त्यांना ते अवघड व्हायचं, पण बसायच्या.

या वर्षी आईंच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं आणि समीर तिकडे गेला. फोनवर आईंची एकच चौकशी, धाकटा येतोय का. येत होता. हाइन्झ म्हणाला की त्याचं हे शेवटचं वर्ष, अशा मुलांचे करार पुढे होत नाहीत. ‘‘मला तो बघायचाय,’’ आई म्हणाल्या. टीव्हीवर दिसला तर दिसला, पण टीव्ही पुढच्यांना दाखवतो, मागच्यांना कोण दाखवतं? म्हणून मी वळणावर फोन धरून उभी राहिले आणि तिकडे नाशिकला, संध्याकाळ होत असताना, समीरने आईंच्या उशीशी फोन धरला.

लोंढा गेला. धाकटा त्यात नव्हता. मागचे दोन घोळके गेले, त्यांतही नव्हता. लोक खुर्च्या मिटायला लागले. समीर म्हणाला, ‘‘मुक्ता, ती दमलीये, बंद करूया का?’’ मागून आईंचा आवाज आला, ‘‘थांब.’’ शर्यतीच्या अगदी शेवटी एक गाडी असते, दमून सायकल सोडलेल्यांना गोळा करणारी, तिला इथे बेझेनवागेन म्हणतात, झाडूची गाडी. ती खालच्या वळणावर दिसली. ती आली म्हणजे मागे कुणी उरलेलं नाही. मग दिसलं की ती फार हळू येतेय. तिच्या पुढे एकजण होता. मान खाली, खांदे डुलतायत, पण पाय फिरतायत. आमचाच. हाइन्झ घंटा बडवायला लागला. मी फोन हातभर पुढे केला आणि ऑफिसात कधी आवाज न चढवणारी मी मोठमोठ्याने मराठीत ओरडत होते, ‘‘चल रे बाळा, थोडंच राहिलंय, चल.’’ त्याने वर पाहिलंही नाही. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. तो गेला, गाडी गेली, रस्ता रिकामा झाला.

मी फोन वळवला. आईंचा चेहरा उशीत बुडालेला, डोळे मात्र टक्क उघडे. ‘‘दिसला ना, आई?’’

‘‘दिसला. बारीक झालाय गं...’’ त्या थांबल्या, श्वास घेतला. मग पडद्यात माझ्याकडे निरखून पाहू लागल्या, मगाशी त्याच्याकडे पाहत होत्या तशाच. ‘‘तूही बारीक झालीस. सकाळपासून उभी असशील. जेवलीस का?’’

मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि त्या हसल्या, कारण त्यांना कळलं होतं. ‘‘घरी जा. एकटी आहेस म्हणून उभ्याने खाऊ नकोस. पान घेऊन बस.’’

आमचं ते शेवटचं बोलणं. समीर अजून तिकडचं आवरतोय, पुढच्या आठवड्यात येईल. संध्याकाळी घरी आले की ओट्याशी उभं राहून दोन घास गिळावेत असं फार वाटतं, कोण बघतंय... पण मी ताट घेते, मीठ वाढते, डाव्या बाजूला चटणी वाढते आणि बसते. पहिला घास घेताना कुणीतरी विचारल्यासारखं वाटतं, आणि हल्ली मला खरं उत्तर देता येतं.