दाव्यात न लिहिलेली ओळ

हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा फौजेत निघाला, तेव्हा माझ्या बायकोनं त्याला ओवाळलं. निरांजनाचं ताट मी धरलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

भरतीपूर्वी वसाहतीजवळ सोनागिरीत दोन खोल्या बांधायला त्यानं माझ्याकडून पैसे घेतले होते. रीतसर गहाणाचा कागद झाला होता. दर महिन्याला मनिऑर्डर येई. मग त्याची पलटण सरहद्दीवर गेली आणि मनिऑर्डर थांबली. इकडे माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्या खोल्या विकून माझे पैसे मिळावेत, असा मी दावा लावायचं ठरवलं.

वकील आमच्या वसाहतीतलेच, सज्जन माणूस. कागद करताना त्यांनी विचारलं, "समोरचा फौजेत आहे का? आघाडीवर असेल तर दाव्यात तसं लिहावं लागतं. मग तो परतेपर्यंत कोर्ट दावा थांबवतं."

"बाहेरगावी नोकरीला असतो," मी म्हणालो.

समन्स त्याच्या बायकोच्या हाती पडलं. ग्वाल्हेरची मुलगी, मराठीत हिंदी मिसळून बोलणारी. मला वाटलं, रडत दारात येईल. ती थेट सैनिक कल्याण कार्यालयात गेली. तिथल्या बाबूंनी तिला कायदा समजावून सांगितला, तिनं पलटणीला पत्र धाडलं, आणि तारखेला कडेवर लेक घेऊन एकटी कोर्टात उभी राहिली. हातात पलटणीच्या साहेबांचा दाखला होता.

जजसाहेबांनी तो वाचला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपको मालूम नहीं था कि इनके पति फ़ौज में हैं?"

"नहीं, साहब."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर माझं काही खरं नव्हतं. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, एवढंच. दावा थांबला, घर वाचलं.

बाहेर सायकल स्टँडपाशी तिनं मला गाठलं. "काका, ताट तुम्हीच धरलं होतं ना?"

मी कुलपाशी खटपट करत राहिलो.

"मला घर वाचवायचं होतं, तुम्हाला बुडवायचं नव्हतं. और सुनो, कायदा थांबा म्हणतो, देऊ नका म्हणत नाही. हे आले की सगळं मिळेल तुम्हाला."

आणि पुढच्याच महिन्यापासून ती शिवणकामातले थोडे थोडे पैसे आणून देऊ लागली. देण्याची सक्ती नव्हती. मी ते घेत होतो. "कसा पुढे होतो हो तुमचा हात?" बायको म्हणायची. मुलीच्या लग्नात त्याच बाईनं सकाळपासून पुऱ्या लाटल्या.

पण माझा खरा गुन्हा अजून सांगायचाच आहे. फौजीच्या घरावर दावा लावला म्हणून वसाहतीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी सांगत सुटलो, "वकील लिहायला विसरला." लोकांना पटलं. हळूहळू त्यांनी वकिलांकडे कामं नेणं सोडलं. वकिलांनी मला कधी जाब विचारला नाही. एकदा बिट्टन मार्केटात भाजी घेताना भेटले. "मुलगी सुखात आहे ना?" म्हणाले, आणि पुढे गेले. आता ते नाहीत.

फौजी परतला, उरलेली सगळी रक्कम फेडली आणि मला वाकून नमस्कार केला. त्याच्या बायकोनं त्याला काही सांगितलं नव्हतं.

परवा इथवर लिहिलेलं घेऊन मी सोनागिरीला गेलो. त्याच दोन खोल्या, आता ती आजी झाली आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इतने साल लागले, काका?" ती म्हणाली. "आणि मला काय वाचून दाखवता? मला तर माहीतच होतं. वकीलसाहेबांच्या मुलाकडे जा."

"उद्या जातो."

"उद्या नाही."

तिनं रिक्षा थांबवली, कागद माझ्या हातात दिले आणि रिक्षावाल्याला वकिलांच्या घराचा पत्ता स्वतःच सांगितला.