घास न घातलेल्या वाकळा

पत्रक मीच लिहिलं होतं. 'जुना कपडा कपाटात कुजवू नका, कोपीतल्या लेकराला ऊब द्या.' कॉलेजपासून पत्रकं लिहीत आलेय, दोन ओळींत समोरच्याला लाज कशी आणायची ते मला जमतं. मुरगूडच्या रस्त्याला ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या भिंती, वर प्लास्टिकचा कागद, खाली ओलं रान. ह्यांच्या कोयत्यावर जिल्ह्याचा चहा गोड होतो आणि ह्यांची पोरं कुडकुडतात, याचा मला राग होता. अजून आहे.

कोल्हापूरकरांनी भरभरून दिलं. काय दिलं ते ऐका. टिकल्यांच्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, नायलॉनचे पडदे, कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी. एका बंगल्यातल्या बाईंनी गाठोडं हातात द्यायच्या आधी विचारलं, "फोटो कधी टाकणार?" घरात शिरल्याबरोबर लागणारा आमचा सोपा छातीएवढा भरला. आई शाळेत शिकवून आली आणि दारातच थांबली. "घर आहे का जुना बाजार?"

वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, शिवायला मागच्या गल्लीतली मावशी आली. तिचं माहेर राधानगरीकडचं, आणि जन्म गेला तो दुसऱ्यांच्या वाकळा शिवण्यात. पण ती सुई काढेचना. ढिगातला एकेक कपडा घ्यायची, कडेचा एक दोरा ओढायची आणि काडी पेटवून त्याला लावायची. सुती दोरा कागदासारखा जळून राख व्हायचा. बाकीचे आकसून टोकाला काळा कडक मणी धरायचे. मणी दिसला की कपडा बाजूला.

"मावशी, निम्मा ढीग बाजूला काढलात तुम्ही."

"मग? निम्मा कचराच हाय की."

"लोकं थंडीनं मरायला लागलीत आणि तुम्ही कापडाची जात बघताय!"

"कापडाची बघावीच लागती, पोरी. माणसाची बघू नये."

मला ते शहाणपण नको होतं, वाकळा हव्या होत्या. टोळीच्या मुकादमाला मी नऊ सांगून बसले होते. निवडलेल्या सुती कापडात जेमतेम चार झाल्या, कारण धोतरं आणि सुती लुगडी आता राहिलीत कुणाकडे? उरलेल्या पाचांच्या पोटात बाजूला काढलेलंच घाला, असं मी सांगितलं. सांगितलं कसलं, आवाज चढवला. मावशीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोरा ओवला. वरून सगळ्यांना एकाच गाठोड्यातल्या चौकडीच्या सुती चादरी लावल्या. नऊच्या नऊ बहिणी दिसायला लागल्या.

वाकळ मिटायला शेवटची वीतभर कड राहिली की मावशी वाळकी भाकरी आणि चिमूटभर साखर चिंधीत बांधून कोपऱ्यात सारते आणि मग शेवटचे टाके घालते. वाकळेचं पोट रिकामं राहू नये म्हणून घास. आई म्हणाली, "अहो, मुंग्या लागतील."

"लागू देत की. त्याबी जेवतील."

चार वाकळांना घास मिळाला. पाचवीपासून मावशी कोरड्याच मिटायला लागली. मी विचारलं, "भाकरी संपली?"

"व्हय, संपली," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. मी पुढं विचारलं नाही. मला वाटपाची घाई होती.

शनिवारी वाटप झालं. एका कोपीत नुकतीच बाळंत झालेली बाई होती. तिनं वाकळ घेतली, लगेच लेकराभोवती गुंडाळली, आणि मी फोटो काढला. रविवारी सकाळी तोच फोटो टाकायला बसले. वर काय लिहावं म्हणून बघत राहिले तर फोटोच्या कडेला चूल दिसली. कोपीच्या आतच. वाकळेपासून हातभर लांब. जाळ चालू.

मला तो काळा मणी आठवला.

सोप्यात उरलेली साडीची पट्टी घेतली आणि गॅसवर धरली. ती पेटली आणि गळायला लागली. पेटता थेंब ओट्यावर पडला आणि तिथंच चिकटून जळत राहिला. दुसरा माझ्या अंगठ्यावर पडला. झटकला, तर निघेना. नळाखाली हात धरून उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, अंगठा माझा आहे, मोठा आहे, मला नळ आहे.

मावशीच्या दारात मी चप्पल न घालता गेलते.

"आधी का नाही सांगितलं?"

"काड्याची अख्खी पेटी संपीवली की तुझ्यासमोर. आणि कसं सांगतात?"

मी विचारलं, "आता नऊतल्या त्या पाच ओळखायच्या कशा? वरून सगळ्या सारख्या."

"कोपरं चाचपायचं. गाठ लागली तर सुती. न्हाय लागली तर काढून आणायची." मग तिनं स्वतःच्या खाटेवरची वाकळ ओढली. "तुमच्या घरात किती हायत?"

"तीन."

"आण जा. पांघरूण काढून घ्यायला रिकाम्या हातानं जातीयास व्हय?"

स्कूटीवर पुढं दोन वाकळा, मागं मावशी आणि तिच्या मांडीवर दोन. वाटेत कुठं धूर दिसला की मी स्कूटीचा वेग वाढवायची. उसाच्या मुलखात धूर कुठं नसतो? गुऱ्हाळाचा असतो, पाचट पेटवल्याचा असतो. मला प्रत्येक धूर त्याच कोपीचा वाटत होता.

टोळी तोडीवर गेली होती. मुकादमाला फोन लावला, बायका फडातून आल्या, घामानं भिजलेल्या, हातात कोयते. मी एकेका कोपीत शिरून वाकळांचे कोपरे चाचपत होते. गाठ. गाठ. नाही. परत एकदा चाचपलं. नाही. चार वाकळा बदलून दिल्या. बायकांनी त्या घेतल्या, पण त्यांची नजर मला ओळखीची होती. आम्ही मोर्चात साहेबाकडं बघतो ती नजर.

पाचवी बाळंतिणीची. लेकरू त्यातच निजलं होतं. आमच्याकडं द्यायला आता काही उरलं नव्हतं.

"दिलं ते दिलं," ती म्हणाली. "काल फोटू काढताना किती गोड बोललीस, ताई. आन आज काढून न्यायला आलीस व्हय?"

"अहो, ती पेटली तर..."

"अन थंडीनं गारठलं तर?"

मी बोलायला लागले. चांगलं बोलते मी, चौकात गर्दी थांबते. ती थांबली नाही, चुलीत पाचट सारत राहिली. शेवटी मी पर्समधली पट्टी काढली आणि तिच्याच चुलीत धरली. थेंब तिच्या सारवलेल्या जमिनीवर पडला आणि जळत राहिला. तिनं वाकून बघितलं. लेकराकडं बघितलं. मावशीकडं वळून म्हणाली, "आजी, हे तुमी शिवलं?"

"व्हय," मावशी म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. ते मला आजही खुपतं.

"मग सुतीची घेऊन या. तवर ही देत न्हाई."

लेकराच्या वाकळेचा रिकामा कोपरा परत एकदा चाचपून मी बाहेर आले.

त्यानंतर मी पत्रक वाटलं नाही. दारोदार काडेपेटी घेऊन गेले. "काकू, एक दोरा ओढू का?" असं म्हणून लोकांच्या साड्यांना काडी लावायची. एका काकांनी कुत्रं सोडतो म्हणून दम दिला. तरी आठव्या दिवशी एका पेन्शनर गुरुजींची धोतरं मिळाली, मावशीच्या शेजारणीची दोन लुगडी मिळाली. त्या आठ दिवसांत फोन वाजला की मी आधी मुकादमाचा नाही ना ते बघायची आणि मग उचलायची. वाकळ शिवताना मावशीनं वीतभर कड माझ्यासाठी सोडली. घास मी घातला. साखर जरा जास्तच पडली.

घेऊन गेले तर फड मोकळा होता. टोळी हलली होती. मुकादमाचा फोन लागेना. शेजारच्या रानातला माणूस म्हणाला, "नेसरीकडं गेली म्हणत्यात, ताई. नक्की म्हाईत न्हाय."

कोप्या उपटून नेल्या होत्या, जमिनीवर चौकोन तेवढे राहिले होते. बाळंतिणीचा चौकोन मी शोधला. आतली चुलीची जागा सारवून बुजवलेली होती. तीन काळे दगड बाहेर मांडलेले, चांगले सात-आठ पावलं लांब. मी ती पावलं दोनदा मोजली.

वाकळ स्कूटीच्या डिकीत मावत नाही, म्हणून पुढं पायाशी ठेवते. नेसरीच्या रस्त्यावर दोन टोळ्या बघून झाल्या. तिसरी उद्या बघायची आहे.